माळकऱ्यानं भांडावं का? तुम्ही विचारलंत म्हणून

खताची पावती फाडताना विचारता, एकादशीला फराळ करताना विचारता, परवा तर लग्नाच्या मांडवात अक्षता टाकून वळलो तेवढ्यात एका पाहुण्यांनी हाताला धरून बाजूला घेतलं आणि विचारलं. प्रश्न एकच. गळ्यात तुळशीची माळ, घरात पिढ्यांची वारी, मग मातंग वस्तीतल्या माणसाला गावच्या स्मशानात जाळायच्या त्या भानगडीत तुम्ही कशाला पडलात? देवाचं नाव घेणाऱ्यानं गावाशी वैर घ्यावं का?

आणि लातूरला गेलो की दुसरी मंडळी भेटतात. चांगली माणसं आहेत, माझ्या बाजूची आहेत. ती विचारतात, एवढं सगळं झाल्यावर अजून माळ ठेवलीत कशी?

दोघांनाही एकदाच उत्तर देतो, कारण तोंडी सांगताना माझा आवाज चढतो आणि मूळ गोष्ट राहून जाते.

आधी एक सांगून टाकतो. मी कार्यकर्ता नाही. कुठल्या पक्षात नाही, संघटनेत नाही. बी-बियाण्याचं दुकान चालवतो, दोन्ही एकादशा करतो, आषाढीला गावाच्या पायी दिंडीत असतो. त्या दिवसानंतरही यातलं काही सुटलेलं नाही. ‘भाऊंचं डोकं फिरवलं कुणीतरी’ असं जे म्हणतात, त्यांनी कुणी फिरवलं त्याचं नाव तरी सांगावं.

‘संतांनीच सांगितलंय’ हे उत्तर मी देणार नाही. ते मला सोपं पडलं असतं. पण भेदाभेद भ्रम अमंगळ हे आपण सगळेच म्हणतो. मला अडवणारेही म्हणतात, माझ्यापेक्षा चांगल्या चालीत म्हणतात. काय म्हणायचं यावर आपलं भांडण कधी नव्हतंच.

मला छळतो तो हिशोब वेगळा आहे. चोखोबा, म्हणजे महार समाजातले संत चोखामेळा, 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, नामदेव पायरीपाशी. त्यांच्या जातीच्या माणसाला देवळाचं दार उघडलं ते 1947 साली. मध्ये सहाशे वर्षं गेली. या सहाशे वर्षांत वारकऱ्यांनी चोखोबांचे अभंग कधी टाकले नाहीत. देवळातले बडवे मारतात, देवा धावून ये, ही त्यांची तक्रारसुद्धा आपण टाळ वाजवत म्हणत आलो. ती म्हणत त्यांच्या समाधीवरून आत जायचं, दर्शन घ्यायचं, आणि चोखोबांच्या माणसांनी मात्र समाधीपाशी डोकं टेकवून मागं फिरायचं. गाण्याला कुणी बंदी केली नाही. गाण्यानं दारही उघडलं नाही.

ते उघडलं साने गुरुजींच्या उपासानं. 1 मे 1947 ला ते पंढरपुरात बसले आणि 10 मेला उपास सुटला. त्याआधी कित्येक महिने ते महाराष्ट्रभर फिरत होते, गावोगावची देवळं आणि पाणवठे उघडा म्हणून सांगत होते. गांधीजींना हा उपास पसंत नव्हता, तरी गुरुजी मागं हटले नाहीत. गुरुजींइतका भाविक माणूस शोधून सापडायचा नाही. आणि ते बसले कुठं, तर तनपुरे महाराजांच्या मठात. मला गुरुजींच्या इतकंच त्या मठाचं वाटतं. अख्ख्या पंढरीत विरोधाचं वारं असताना एका मठाधिपतीनं त्यांना जागा दिली. त्यांनाही कुणीतरी विचारलंच असेल ना, महाराज, तुम्ही या भानगडीत कशाला?

हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक असून मी वेगळं बोलायचो. त्या जुन्या माझ्याबद्दल पुढं सांगतो. आधी तात्यांचं.

तात्यांना गावात पोरंटोरं अरे-तुरे करायची. दिंडीत मात्र ते तात्या. मातंग वस्तीतले. तरुणपणी हलगी वाजवायचे, मग माळ घातली आणि आयुष्यभर दिंडीत आमचे चालकरी राहिले. काकड्याला आवाज लागत नसला की सगळे त्यांच्याकडे बघायचे. ते डोळे मिटून पहिला चरण उचलायचे आणि मागची ओळ आपोआप सरळ यायची. मला ज्या चाली येतात त्यातल्या निम्म्या त्यांच्या.

मागच्या भाद्रपदात ते गेले. आठवडाभर झड लागलेली होती. वस्तीची जळणाची जागा ओढ्याच्या पलीकडं, गायरानाच्या कडेला. तिथं शेड नाही, ओटा नाही, आणि ओढा दुथडी भरून चाललेला. अलीकडं गावाचं स्मशान आहे. जनसुविधेच्या निधीतून बांधलेलं पत्र्याचं शेड, सिमेंटचा ओटा, लोखंडी जाळी. तिथं कुठं पाटी लावलेली नाही की अमक्यांनी येऊ नये. पाटीची गरजच कधी पडली नाही.

रात्री त्यांचा मुलगा दुकानावर आला. शटर अर्धं ओढलेलं होतं, तो वाकून आत आला. म्हणाला, “काका, बापाला शेडमधी नेऊ का?”

हे मी मुद्दाम लिहितोय, कारण गावात सांगतात की मी त्यांना चिथावलं. तो स्वतः आला होता. परवानगी मागायला नाही, ते मला नंतर कळलं. मी सोबत येणार का, हे त्याला बघायचं होतं.

मी म्हणालो, “सरकारी शेड आहे, न्यायचं. मी भजन घेऊन येतो.”

माळकरी गेला की भजनी मंडळ पुढं चालतं, ही आपली रीत. टाळ-मृदंगात नेतात, रडतकुढत नेत नाहीत. तात्यांनी गावातल्या कित्येक माळकऱ्यांना असं पोचवलं होतं. पुढं उभं राहून, चाल सांगत. मी रात्रीच मंडळाच्या प्रमुखांकडं गेलो. त्यांनी बसवलं, चहा सांगितला, तात्यांसाठी डोळ्यांत पाणीही आलं त्यांच्या. ते खोटं नव्हतं. मग म्हणाले, “येतो की आम्ही. पण ओढ्याकडं न्या. शेडकडं नेणार असाल तर मंडळाला मध्ये घालू नका. आपण देवाची माणसं.”

मी म्हणालो, “ओढ्याला पाणी आहे.”

“पाणी ओसरेल सकाळपर्यंत.”

नाही ओसरलं. सकाळी तिरडी निघाली ती शेडच्या वाटेनं. वाटेवर ट्रॅक्टर आडवा लावलेला, मागं नांगर टाकलेला. बाजूला माणसं उभी. ओरडाआरडा नव्हता, शिव्या नव्हत्या. एकजण एवढंच म्हणाला, आजवर झालं नाही ते आज नको. तिरडी रस्त्यात खाली ठेवावी लागली. कुणीतरी ताडपत्री धरली, पण वाऱ्यानं ती उचलत होती आणि पाऊस आत येत होता. तात्यांच्या कपाळी मी स्वतः बुक्का लावला होता. तो ओघळून भुवईत आला, मग गालावर. त्यांची सून पदरानं पुसायची, पुन्हा ओघळायचा.

ट्रॅक्टरपाशी जे उभे होते त्यांच्यात आमच्या दिंडीतले एक होते. नाव घेणार नाही. दिंडीत आम्ही भेटलो की एकमेकांच्या पाया पडतो, तुम्हाला ठाऊक आहे. त्याच आषाढीत वाखरीला, पंढरपूरच्या अलीकडच्या शेवटच्या मुक्कामाला, ते तात्यांच्या पाया पडले होते, माझ्या डोळ्यांदेखत. मी त्यांच्यापुढं जाऊन तेच विचारलं. आषाढीला यांच्याच पायावर डोकं ठेवलंत ना?

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, “ती वारी. हे गाव.”

त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. मला समजावून सांगितल्यासारखं म्हटलं, जणू एवढी साधी गोष्ट मला कशी कळत नाही.

मी तिरडीशेजारी चिखलात बसलो आणि टाळ वाजवायला लागलो. तात्यांची चाल मला एकट्याला पेलत नव्हती, आवाज फाटत होता. वस्तीतली बायामाणसं मागं म्हणायला लागली. मंडळातला एक पोरगा घरी जाऊन मृदंग घेऊन आला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. त्याच्या बापानं त्याला नंतर काय सुनावलं ते मला माहीत आहे. बाकीचं मंडळ लांब लिंबाखाली छत्र्या घेऊन उभं होतं. दुपारी पोलीस आले, मग ट्रॅक्टर निघाला. लाकडं भिजलेली. वस्तीतल्या घरांतून तुराट्या आल्या, गोवऱ्या आल्या, डिझेल आलं. शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि तात्या खाली कोरड्यात जळले. एवढंच मिळालं.

लोक म्हणतात, भाऊंच्या अंगात त्या दिवशी विठ्ठल संचारला होता. नाही हो. मला त्या दिवशी विठ्ठल आठवलासुद्धा नाही. राग आला होता. मी अभंग म्हणत होतो आणि प्रत्येक चरण त्या समोरच्या माणसाच्या तोंडावर फेकत होतो. त्याला भक्ती म्हणायची का, मला सांगता येत नाही. आणि भक्ती नसेल म्हणून ते करायला नको होतं, हेही मला पटत नाही.

आता जुना मी. तिशीत असताना दिंडीत एका शिकलेल्या पोरानं पंगतीचा विषय काढला होता, सप्ताहाच्या काल्याला वस्तीची पंगत वेगळी का बसते म्हणून. मीच त्याला गप्प केलं. म्हणालो, वारीत भांडण आणू नको. इथं सगळे एक होतात, हळूहळू हे गावात उतरेल. कायद्यानं आणि भांडणानं माणूस बदलत नाही, नामानं बदलतो. तो काही बोलला नाही, आणि पुढच्या वर्षी आला नाही.

त्या जुन्या माझ्याशी मी अजून भांडतो, आणि तो काही अगदीच मूर्ख नाही. तो मला विचारतो, तू चिखलात बसलास, ट्रॅक्टर हलवला तो पोलिसांनी. मनं किती हलली? त्याला माझ्याकडं उत्तर नाही. तो म्हणतो, तुझ्या पोटात आता त्या माणसाबद्दल विष आहे, मग वारी कसली करतोस? हेही खरं आहे. यंदाच्या आषाढीत ते भेटले. रीतीप्रमाणे माझ्या पायाशी वाकले. मी क्षणभर तसाच उभा राहिलो, मग मीही वाकलो. शरीर वाकलं, मन नाही वाकलं. ‘रामकृष्णहरी’ म्हणताना जीभ जड झाली. हे नुकसान माझं आहे आणि ते भजनानं भरून येईल असं मला वाटत नाही.

पण मग मी त्याला उलट विचारतो. हळूहळू म्हणजे किती? सहाशे वर्षं झाली तेव्हा कुठं दार उघडलं, आणि तेही कुणीतरी उपाशी बसला तेव्हा. वाखरीपर्यंत समता आणि गावच्या वेशीत शिरलं की ‘हे गाव’, असं असेल तर वारीनं आपल्यात बदललं तरी काय? तात्या दरसाल चालले. त्यांनी त्यांच्याकडून जेवढं द्यायचं तेवढं दिलं. आपल्याकडून काय द्यायचं होतं? चार बाय आठचा ओटा, एका दुपारपुरता.

यावर तो जुना मी गप्प बसतो. पटलं म्हणून बसतो की कंटाळून, कळत नाही.

तुम्ही माझं काय गेलं ते विचारता, म्हणून सांगतो. सप्ताहात वीणा चोवीस तास खांद्यावर असते, पहारे लावतात. पहाऱ्याच्या यादीत माझं नाव दरसाल असायचं, यंदा नव्हतं. उधारीवर नेणारी काही गिऱ्हाइकं तालुक्याला जायला लागली, जुनी बाकी मात्र राहिली. घरातही बोलणी बसली. मुलीच्या सोयरिकीचं काय, असं आमच्या घरच्यांनी विचारलं आणि त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण खरं नुकसान माझं झालं नाही. तात्यांचा मुलगा ज्या मालकाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता, त्यानं दुसऱ्या आठवड्यात दुसरा माणूस लावला. सोयाबीनच्या काढणीला वस्तीतल्या टोळीला आमच्या गावात कुणी बोलावलं नाही. बाहेरगावच्या टोळ्या आल्या. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा 2016 चा आहे, मला पाठ आहे. पण कुणी बहिष्कार टाकला असं म्हणतच नाही. यंदा बाहेरची टोळी स्वस्तात मिळाली, असं म्हणतात. ते कसं सिद्ध करायचं?

लातूरचे मित्र चिडतात की गुन्हा का नोंदवला नाही. अनुसूचित जातीच्या माणसाला स्मशान वापरू न देणं हा ॲट्रॉसिटीच्या कायद्यात गुन्हा आहे. 2015 च्या दुरुस्तीत ते स्पष्ट लिहिलंय, 2016 च्या जानेवारीपासून लागू आहे. मी ते छापील पान तात्यांच्या मुलाला नेऊन दाखवलं. त्यानं पूर्ण वाचलं, घडी घातली, परत दिलं. म्हणाला, “काका, मला इथंच राहायचंय.” फिर्याद त्यानं द्यायची की नाही हे त्याचं आहे. मी माझ्या समाधानासाठी त्याला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणार नाही. तुम्ही याला भित्रेपणा म्हणा, मला चालेल, त्याला म्हणू नका.

आणि माळ का ठेवली? एका स्नेह्यांनी हा प्रश्न माझ्यापुढं सगळ्यांत कडक मांडला. ते बौद्ध आहेत, शेजारच्या गावचे. ते म्हणाले, “बाबासाहेबांनी 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, वर्षानुवर्षं वाट पाहिली. मग 1935 ला येवल्यात सांगून टाकलं, हिंदू म्हणून मरणार नाही. आम्ही त्या दारातून उठलो. भाविकानं अन्यायाविरुद्ध उभं राहावं का, हा तुमच्या घरातला प्रश्न आहे. ज्याला ओट्यावर जळू देत नाहीत, त्याला हा प्रश्न पडायची सवडच नसते.”

बरोबर आहे. प्रश्न आमच्या घरातलाच आहे, म्हणूनच तो मलाच सोडवायचा आहे. मी माळ काढली तर त्या ट्रॅक्टरपाशी उभ्या असलेल्या माणसाला विचारणार कोण? बाहेरच्यानं विचारलं तर तो म्हणेल, तुम्हाला आमच्या धर्मातलं काय कळतं. मी विचारलं तेव्हा त्याला मान फिरवावी लागली. तेवढं तरी माझ्या हातात आहे. गाडगेबाबांनी पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा 1949 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बाबा कीर्तन करतच होते आणि बाबासाहेब त्या दारातून उठलेले होते, तरी त्या दोघांना एकमेकांना काही देता-घेता आलं. मला तिथं काहीतरी धरण्याजोगं दिसतं. मित्राला दिसत नाही. आम्ही चहा पितो, वाद घालतो, तो तिथंच राहतो.

शेवटचं, म्हणजे सध्या जे चाललंय ते. गावानं तोडगा काढलाय. वस्तीसाठी ओढ्याच्या अलीकडं नवीन जागेत वेगळं शेड, वेगळा ओटा, रस्त्यासकट. सरपंच खूश, मंडळाचे प्रमुख खूश, तहसीलमधले साहेबही खूश. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव येणार आहे. मला वाटलं होतं वस्ती याला विरोध करेल. तात्यांच्या मुलानं सांगितलं, बहुतेकांना हवंय. जवळ पडेल, कुणाचं तोंड बघायला नको, कुणापुढं थांबायला नको. मी म्हणालो, अरे, मग बाप कशासाठी रस्त्यात ठेवला? तो म्हणाला, “बापाला कोरडं जाळायचं होतं, काका. तुम्हाला गाव एक करायचंय. ते तुमचं.”

मला वेगळं शेड मान्य नाही. सरकारी पैशानं गावाच्या मध्यात एक रेघ सिमेंटनं पक्की होणार, आणि तिला आमचा सगळ्यांचा हात वर असणार. पण मी उभं राहून विरोध केला तर निधी परत जाईल, पुढच्या भाद्रपदात पुन्हा ताडपत्री धरावी लागेल, आणि ती माझ्या घरच्या माणसावर धरावी लागणार नाही. ठरावाच्या बाजूनं मी हात वर करणार नाही, एवढं पक्कं. सगळ्यांसाठी आहे तेच शेड खुलं असल्याचा ठराव त्याच सभेत घ्या, असा अर्ज ग्रामसेवकांकडं दिलाय. पोच घेतलीय. तो चर्चेला आला नाही तर बोलायला उभं राहायचं की नाही, हे तात्यांच्या मुलाशी अजून एकदा बोलून ठरवीन. त्यानं नको म्हटलं तर काय करायचं, हे मला आज माहीत नाही.